जंगलात फक्त ४ ससाणे उरले होते. जमशेदपूरमध्ये जन्मलेल्या जेराल्ड ड्यूरेल यांच्या हट्टाची ही गोष्ट

मॉरिशस म्हटलं की आपल्याला आधी हनिमूनचे फोटो आठवतात, मग निळा समुद्र आणि फार तर शाळेत वाचलेला डोडो. डोडो हा कबुतराच्या कुळातला जाडजूड पक्षी. त्याला उडता यायचं नाही. माणसं या बेटावर राहायला आली आणि शंभर वर्षांच्या आत हा पक्षी संपला. त्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची आहे.

१९७४ साली याच बेटावर आणखी एक पक्षी डोडोच्या वाटेवर होता. तो म्हणजे मॉरिशस केस्ट्रेल, ससाण्यांच्या कुळातला एक छोटा शिकारी पक्षी. त्या वर्षी अभ्यासकांना जंगलात फक्त ४ पक्षी सापडले आणि त्यात वीण करणारी मादी एकच होती. पिंजऱ्यातले २ धरले तरी जगभरातला आकडा ६. त्या काळात हा जगातला सगळ्यात दुर्मीळ पक्षी मानला जायचा.

आज मॉरिशसच्या डोंगरांत हा पक्षी उडताना दिसतो. यामागे बऱ्याच लोकांची मेहनत आहे. पण ज्या विचारावर ही मेहनत उभी राहिली, तो विचार जगाच्या गळी उतरवण्यासाठी एका माणसाने आयुष्य घालवलं. त्यांचं नाव जेराल्ड ड्यूरेल. पुस्तकप्रेमींना ते लेखक म्हणून माहीत असतात. पण त्यांच्या दृष्टीने पुस्तकं लिहिणं हा प्राणी वाचवायला पैसे मिळवण्याचा मार्ग होता.

जन्म जमशेदपूरचा, शाळा जवळजवळ नाहीच

जेराल्डचा जन्म ७ जानेवारी १९२५ चा, टाटांच्या पोलाद कारखान्यामुळे वसलेल्या जमशेदपूरमधला. वडील लॉरेन्स सॅम्युअल ड्यूरेल इंजिनिअर होते. आई लुईसा रुरकीत जन्मलेली. चारही भावंडांचा जन्म भारतातला. सगळ्यात मोठा लॅरी, म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला लॉरेन्स ड्यूरेल. मग लेस्ली, मार्गारेट आणि सगळ्यात धाकटा जेराल्ड.

१९२८ मध्ये वडील अचानक गेले. जेराल्ड तेव्हा तीन वर्षांचा होता. आईने मुलांना घेऊन इंग्लंड गाठलं. पण ज्यांचं सगळं आयुष्य भारतात गेलेलं, त्यांना ते थंड, ढगाळ इंग्लंड काही मानवेना. शेवटी १९३५ मध्ये लॅरीच्या आग्रहामुळे सगळं कुटुंब ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर राहायला गेलं.

तिथे जेराल्डला हवं ते सगळं मिळालं. धड शाळा नव्हती, घरी शिकवायला कोणी ना कोणी यायचं, तेही अधूनमधून. बाकी दिवसभर हा पोरगा ऑलिव्हच्या बागांमध्ये आणि समुद्रकाठी भटकायचा आणि विंचू, कासवं, साप, घुबडाची पिल्लं असं सापडेल ते घरी आणायचा. घरच्यांचं काय होत असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. तिथेच त्याला थिओडोर स्टेफनिडीस भेटले. ते डॉक्टर होते आणि निसर्गाचे दांडगे अभ्यासक. दहा वर्षांच्या मुलाशी ते बरोबरीच्या नात्याने बोलायचे. एखादा प्राणी नुसता पकडायचा नसतो, तो काय खातो, कुठे राहतो, कसा वागतो हे बघायचं असतं, ही सवय त्यांनी जेराल्डला लावली.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध तोंडावर आलं आणि कुटुंबाला इंग्लंडला परतावं लागलं. या पाच वर्षांवर ड्यूरेल यांनी पुढे १९५६ मध्ये माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स हे पुस्तक लिहिलं. ते जगभर तुफान गाजलं. पण त्या पुस्तकापर्यंत पोहोचण्याआधी मध्ये बरंच काही घडलं.

वारशाचे पैसे प्राण्यांवर उडवले

१९४५ मध्ये ड्यूरेल इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड प्राणीसंग्रहालयात शिकाऊ कामगार म्हणून लागले. पिंजरे साफ करायचे, खाणं टाकायचं, असं काम. पण तिथेच त्यांना एक गोष्ट खटकायला लागली. प्राणीसंग्रहालयं म्हणजे लोकांच्या करमणुकीची जागा होती. एखादा दुर्मीळ प्राणी मेला की जंगलातून दुसरा मागवायचा. जंगलात तरी असे किती उरलेत, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नव्हतं.

२१ वर्षांचे झाल्यावर वडिलांच्या वारशातले ३,००० पौंड त्यांच्या हातात आले. त्या काळात ही मोठी रक्कम होती. दुसऱ्या कोणी घर घेतलं असतं. यांनी १९४७ मध्ये आफ्रिकेतलं कॅमेरून गाठलं आणि प्राणीसंग्रहालयांसाठी प्राणी पकडायला सुरुवात केली. आज आपल्याला हे विचित्र वाटेल, पण तेव्हा हा रीतसर धंदा होता. फक्त ड्यूरेल यांना तो धंद्यासारखा करता आला नाही. ते मोजकेच प्राणी आणायचे, त्यांच्या खाण्यापिण्यावर भरपूर खर्च करायचे, प्रवासात प्राणी मरू नयेत म्हणून जिवाचं रान करायचे. परिणाम असा की काही वर्षांत खिसा रिकामा झाला.

१९५१ मध्ये जॅकीशी लग्न झालं तेव्हा नोकरी नव्हती आणि पैसेही नव्हते. मोठा भाऊ लॅरी लेखक होता, त्याने लिहायचा सल्ला दिला आणि जॅकीने तो तडीस नेला. बीबीसी रेडिओसाठी त्यांनी कॅमेरूनमधल्या एका केसाळ बेडकाची गोष्ट लिहिली. लोकांना ती आवडली. १९५३ मध्ये पहिलं पुस्तक आलं, द ओव्हरलोडेड आर्क. तेही खपलं आणि घरात पैसे यायला लागले.

गंमत म्हणजे ड्यूरेल यांना लिहायला मनापासून कंटाळा यायचा. पण प्राण्यांसाठी काही करायचं तर पैसा लागणार आणि पैसा देणारं हे एकच कसब आपल्याकडे आहे, हे त्यांना कळलं होतं. पुढे आयुष्यभर ते लिहीत राहिले.

बहिणीच्या अंगणातलं प्राणीसंग्रहालय

१९५७ मध्ये ड्यूरेल तिसऱ्यांदा कॅमेरूनहून परतले. या वेळी प्राणी विकायचे नाहीत, स्वतःचंच प्राणीसंग्रहालय काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. अडचण एकच, जागा नव्हती. मग सगळे प्राणी बोर्नमथमधल्या बहिणीच्या, मार्गारेटच्या घराच्या अंगणात ठेवले. शेजारच्यांची काय अवस्था झाली असेल! ख्रिसमसच्या दिवसांत तर काही प्राणी गावातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये प्रदर्शनाला ठेवावे लागले.

बोर्नमथच्या आसपास जागा मिळेना. शेवटी इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीतल्या जर्सी नावाच्या छोट्या बेटावर एक जुना वाडा मिळाला, ले झोग्रे मॅनर. प्रकाशक रुपर्ट हार्ट-डेव्हिस कर्जाला जामीन राहिले आणि २६ मार्च १९५९ रोजी जर्सी झू सुरू झालं.

सुरुवातीची वर्षं फार ओढगस्तीची होती. बँकेचं कर्ज डोक्यावर, प्राण्यांचं खाणं रोजचं. पण याच काळात ड्यूरेल यांचा विचार पक्का होत गेला. तो साधारण असा:

- प्राणीसंग्रहालयात गर्दी खेचणाऱ्या सिंह-हत्तींपेक्षा ज्यांच्याकडे कोणाचं लक्ष नाही अशा, संपत चाललेल्या छोट्या प्रजाती ठेवायच्या.
- त्यांची तिथे वीण करायची, म्हणजे जंगलातून नवीन प्राणी आणायची गरजच पडणार नाही.
- पुरेशी संख्या झाली की त्यांना परत त्यांच्या मूळ जंगलात सोडायचं.
- आणि त्या-त्या देशातल्या लोकांना हे काम शिकवायचं, कारण शेवटी जंगल त्यांचं आहे.

आज हे वाचून यात नवीन काय, असं वाटेल. पण १९६० च्या दशकात संवर्धनातल्या अनेक मोठ्या लोकांना हे पटत नव्हतं. पिंजऱ्यात वाढलेला प्राणी जंगलात जगूच शकत नाही, हा पैशांचा अपव्यय आहे, प्राणीसंग्रहालयवाल्यांनी आपला धंदा झाकायला काढलेली ही सबब आहे, असे आक्षेप होते. काही आक्षेपांत तथ्यही होतं. पिंजऱ्यात वाढवून परत सोडल्यामुळे प्रजाती वाचल्याची उदाहरणं तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

१९६३ मध्ये ड्यूरेल यांनी जर्सी वाइल्डलाइफ प्रिझर्वेशन ट्रस्ट स्थापन केला आणि प्राणीसंग्रहालय ट्रस्टच्या ताब्यात दिलं. ट्रस्टचं चिन्ह म्हणून त्यांनी डोडो निवडला. माणसाने काय करून ठेवलंय, याची रोज आठवण राहावी म्हणून. संकटात सापडलेल्या प्रजातींची पिंजऱ्यात वीण कशी करायची, यावरची पहिली जागतिक परिषदही १९७२ मध्ये जर्सीतच भरली.

आणि मग ते डोडोच्या देशात गेले.

हा ससाणा नेमका आहे तरी कसा?

इथे थोडं थांबून या पक्ष्याची ओळख करून घेऊ. तो इतका कमी का झाला, हे त्याशिवाय कळणार नाही.

केस्ट्रेल आपल्याकडेही आहे. मराठीत त्याला खरुची म्हणतात. हिवाळ्यात माळरानावर किंवा गडावर गेलात तर वाऱ्यावर एकाच जागी पंख फडफडवत तरंगणारा छोटा ससाणा दिसतो, तीच ती. मोकळ्या माळावर वरून उंदीर-टोळ हेरायचे आणि झेप घ्यायची, ही तिची पद्धत.

मॉरिशस केस्ट्रेल तिचाच नातलग, पण सवयी वेगळ्या. याचं घर म्हणजे घनदाट जंगल. झाडांच्या गर्दीत लांब, टोकदार पंख काय कामाचे? त्यामुळे याचे पंख आखूड आणि गोलसर झाले. फांद्यांमधून सुळकन वळण घेत तो शिकार करतो. अंगाने लहान, मादी साधारण पाव किलोची आणि नर त्याहून हलका. अंगावर तपकिरी रंग आणि पांढऱ्या पोटावर काळे ठिपके. त्याचं आवडतं खाणं म्हणजे झाडांवरच्या हिरव्यागार पाली. जोडीला किडे आणि छोटे पक्षी.

हा पक्षी काटक्यांचं घरटं बांधत नाही. कड्यातली कपार किंवा झाडाची ढोली शोधतो आणि तिथेच अंडी घालतो. एका वेळी २ ते ५ अंडी, आणि उबवायला साधारण महिना.

आता याच्यावर संकटं कोणती आली ते बघा.

पहिलं, जंगलच गेलं. उसाची शेती, चहा, लाकूड यासाठी बेट उघडं पडत गेलं. मॉरिशसच्या मूळ जंगलापैकी चांगल्या स्थितीतलं जंगल आज २ टक्क्यांहूनही कमी उरलंय.

दुसरं, बाहेरून आलेले प्राणी. माणसांबरोबर जहाजांतून उंदीर आले, मांजरं आली, आग्नेय आशियातली माकडं आली. उंदरांचा बंदोबस्त करायला म्हणून भारतातून मुंगसं नेली गेली. हे सगळे अंडी आणि पिल्लं खाणारे. ज्या बेटावर असे शिकारी कधी नव्हतेच, तिथल्या पक्ष्यांना त्यांच्यापासून वाचायचं कसं हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तिसरं, डीडीटी. १९४० च्या दशकाच्या शेवटी मलेरिया हटवण्यासाठी बेटावर डीडीटीची मोठी फवारणी सुरू झाली. मलेरिया आटोक्यात आला, माणसांचे जीव वाचले. पण डीडीटी शरीरात साठून राहतं. किड्यांतून ते पालींमध्ये गेलं आणि पालींतून ससाण्यांत. साखळीत जो सगळ्यात वर, त्याच्या अंगात विष सगळ्यात जास्त. शिकारी पक्ष्यांमध्ये त्यामुळे अंड्यांची कवचं पातळ होतात आणि उबवतानाच अंडी फुटतात.

चौथं संकट म्हणजे बदनामी. स्थानिक लोक याला मांजर द पूल, म्हणजे कोंबड्या खाणारा म्हणायचे आणि दिसला की गोळी घालायचे. पाव किलोचा हा पक्षी मुख्यतः पाली खाऊन जगणारा, पण नाव पडलं ते पडलं.

हे सगळं एकत्र आलं आणि १९७४ मध्ये आकडा ४ वर आला. १९७३ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ स्टॅन्ली टेंपल यांनी काही पक्षी पकडून पिंजऱ्यात वीण करायचा प्रयत्न सुरू केला होता. एक पिल्लू जन्मलंही, पण अंडी उबवायच्या यंत्रात बिघाड झाला आणि ते दगावलं. त्याच सुमारास जंगलातल्या एका जोडीने मात्र कमाल केली. झाडाच्या ढोलीऐवजी त्यांनी उंच उभा कडा निवडला. तिथे माकडं पोहोचू शकली नाहीत आणि ३ पिल्लं वाचली. पुढची सगळी गोष्ट याच धाग्यावर लटकलेली होती.

१९७६: ड्यूरेल मॉरिशसमध्ये

१९७६ मध्ये ड्यूरेल मॉरिशसला गेले आणि १९७७ मध्ये परत गेले. तिथे त्यांना दिसलं की प्रश्न एकट्या केस्ट्रेलचा नाही. गुलाबी कबूतर संपत आलं होतं. हिरवा एको पोपट संपत आला होता. शेजारच्या रॉड्रिग्स बेटावरचं सोनेरी फळवाघूळ धोक्यात होतं. राउंड आयलंड नावाच्या छोट्या बेटावर जगात दुसरीकडे कुठेच नसलेले सरडे आणि साप होते आणि माणसांनी सोडलेल्या शेळ्या-सशांनी ते बेट खाऊन बोडकं केलं होतं.

त्यांनी काही कबुतरं, वटवाघळं आणि सरपटणारे प्राणी जर्सीला नेले. बेटावर वादळ आलं किंवा रोग पसरला तरी सगळं एकदम संपू नये, म्हणून दुसरीकडे एक साठा असावा हा हिशोब. या प्रवासांवर त्यांनी गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स हे पुस्तकही लिहिलं. मॉरिशसच्या या प्राण्यांची नावं जगभरातल्या सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली ती त्यातून.

पण मॉरिशसमधली त्यांची सगळ्यात दूरवर पोहोचलेली गोष्ट पुस्तक नव्हती. त्यांनी मॉरिशसमधल्या एका तरुणाला जर्सीत प्रशिक्षणासाठी बोलावलं. १९७७ मध्ये युसूफ मुंगरू जर्सीला आले. ट्रस्टच्या प्रशिक्षण योजनेतले ते पहिले विद्यार्थी. पुढे मॉरिशसच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाची धुरा त्यांच्याकडेच आली. गोऱ्या साहेबाने येऊन प्राणी वाचवायचे आणि निघून जायचं, हे चालणार नाही हे ड्यूरेल यांनी वेळीच ओळखलं होतं. १९८४ मध्ये जर्सीत यासाठी खास प्रशिक्षण केंद्रच उभं राहिलं. जगभरातल्या अनेक देशांतून लोक तिथे शिकायला यायला लागले.

मरू द्या म्हणणारे आणि मरू न देणारे

१९७९ मध्ये दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे पर्यावरण अभ्यासक नॉर्मन मायर्स यांचं द सिंकिंग आर्क हे पुस्तक आलं. प्रजाती किती वेगाने संपताहेत हे जगाला सांगणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात त्यांनी एक कटू मुद्दा मांडला. पैसा मर्यादित आहे आणि प्रजाती खूप आहेत. मग मॉरिशस केस्ट्रेलसारख्या जवळपास गेलेल्या पक्ष्याचा नाद सोडून तोच पैसा ज्यांची वाचण्याची शक्यता जास्त आहे अशांवर का लावू नये?

हा प्रश्न ऐकायला क्रूर वाटतो, पण तो मूर्खपणाचा नव्हता. युद्धात जखमी सैनिकांची जशी निवड करतात, तसाच हा विचार.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्ल जोन्स नावाचा २४ वर्षांचा वेल्श तरुण मॉरिशसला पोहोचला. त्याला शाळकरी वयापासून ससाणे पाळायचा नाद. घरामागच्या बागेत त्याने केस्ट्रेलची वीणही करून दाखवली होती. इंटरनॅशनल कौन्सिल फॉर बर्ड प्रिझर्वेशन या संस्थेने, म्हणजे आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलने, त्याला पाठवलं होतं. अपेक्षा अशी की त्याने या प्रकल्पाची आवराआवर करावी आणि पुढचं काम स्थानिक सरकारकडे सोपवून परत यावं.

जोन्स यांनी आवराआवर केलीच नाही. उलट त्यांनी कामाला सुरुवात केली. त्यांची पद्धत अशी होती.

केस्ट्रेलच्या मादीची पहिली अंडी गेली तर ती काही दिवसांत परत अंडी घालते. निसर्गाने दिलेली ही सोय. जोन्स कड्यांवर चढून पहिली अंडी काढून आणायचे आणि यंत्रात उबवायचे. मादी दुसऱ्यांदा अंडी घालायची आणि ती पिल्लं स्वतः वाढवायची. म्हणजे एका मोसमात दुप्पट पिल्लं. मादीला ताकद मिळावी म्हणून जंगलातल्या जोड्यांना वरून खाणं द्यायचं, पांढरे उंदीर वगैरे. केंद्रात वाढलेली पिल्लं उडायच्या बेतात आली की जंगलात पेटीत ठेवायची आणि ती स्वतः शिकार करायला शिकेपर्यंत तिथेच खाणं पुरवायचं. ही सोडण्याची पद्धत ससाणे पाळणारे लोक शेकडो वर्षं वापरत आलेत. शिवाय घरट्यांसाठी माकडांना सहज घुसता येणार नाही अशा पेट्या लावायच्या आणि पिल्लं सोडायच्या जागेच्या आसपासची मुंगसं, मांजरं पकडायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण जगात मोजून काही अंडी असताना त्यातलं एक हातात घेऊन दोरावरून कडा उतरायचं, म्हणजे काय दडपण असेल?

यात ड्यूरेल कुठे आले? तर पैसे आणि पाठबळ या दोन्ही ठिकाणी. पक्षीसंवर्धन संस्थेने हात आखडता घेतला, तेव्हा जर्सी ट्रस्ट आणि अमेरिकेतला पेरेग्रीन फंड मागे उभे राहिले. १९८४ मध्ये मॉरिशसमध्येच एक स्वतंत्र संस्था उभी राहिली, ती म्हणजे आजचं मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन. तिच्या उभारणीत ड्यूरेल यांचा वाटा होता. जोन्स पुढे जर्सी ट्रस्टचेच झाले. म्हणजे केस्ट्रेलची अंडी ड्यूरेल यांनी उबवली नाहीत. पण हे काम होऊ शकतं, ते करायला हवं आणि लोक हसले तरी वर्षानुवर्षं त्याला पैसे द्यायला हवेत, असं म्हणणारी संस्था त्यांनी वीस वर्षं आधी बांधून ठेवली होती.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून पिल्लं जंगलात सोडायला सुरुवात झाली. ज्या पूर्वेकडच्या बांबू डोंगररांगेतून हा पक्षी नाहीसा झाला होता, तिथेही तो परत नेला गेला. १९९३-९४ च्या मोसमापर्यंत ३३० हून अधिक पक्षी सोडून झाले होते आणि जंगलातली संख्या २०० च्या पुढे गेली होती. पिंजऱ्यातल्या विणीची आता गरज नाही, म्हणून तो कार्यक्रम थांबवण्यात आला. १९९४ मध्ये या पक्ष्याची गणना असुरक्षित म्हणजे तुलनेने कमी धोक्याच्या गटात झाली. त्याच वर्षी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे मॉरिशसचं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

शेवटची वर्षं

ड्यूरेल यांचं खासगी आयुष्य मात्र इतकं नीटनेटकं नव्हतं. कामाचा ताण, पैशांची कायमची विवंचना आणि दारू. दारू त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. प्राण्यांशिवाय घरात दुसरा विषय नाही, या आयुष्याला जॅकी कंटाळल्या आणि सोडून गेल्या. १९७९ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्यांनी प्राणिशास्त्राच्या अमेरिकन अभ्यासक ली मॅकजॉर्ज यांच्याशी लग्न केलं. ली पुढे त्यांच्या कामातही बरोबरीने राहिल्या.

मार्च १९९४ मध्ये लंडनमध्ये त्यांच्यावर यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तब्येत सावरलीच नाही. ३० जानेवारी १९९५ ला, सत्तरी पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांतच ते जर्सीत गेले. मॉरिशस केस्ट्रेल जवळपास गेलेल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर आल्याचं बघायला ते होते. त्यांच्या अस्थी जर्सीतल्या त्याच प्राणीसंग्रहालयाच्या आवारात आहेत. १९९९ मध्ये ट्रस्टला त्यांचं नाव देण्यात आलं.

जाण्याआधी त्यांची एक जुनी इच्छा मार्गी लागत होती. आसाममधल्या गवताळ प्रदेशात राहणारं, जेमतेम फूटभर उंचीचं पिग्मी हॉग हे रानडुक्कर वाचवायचं त्यांच्या खूप मनात होतं. १९९५ मध्येच त्यांच्या ट्रस्टने आसाम सरकार आणि भारतीय संस्थांबरोबर हा प्रकल्प सुरू केला. १९९६ मध्ये मानसच्या जंगलातून पकडलेल्या ६ रानडुकरांपासून सुरुवात झाली आणि २००८ पासून गुवाहाटीत जन्मलेली डुकरं परत जंगलात सोडली जाऊ लागली. जमशेदपूरमध्ये जन्मलेल्या माणसाचं काम असं फिरून भारतात आलं.

मग केस्ट्रेल कायमचा वाचला का?

खरं उत्तर द्यायचं तर, अजून नाही.

२०१४ मध्ये त्याला परत संकटग्रस्त गटात टाकावं लागलं. संख्या आजही काहीशेच आहे. कारणं जुनीच. जंगल कमी आहे, जे आहे त्यात बाहेरून आलेल्या झाडांनी गर्दी केलीय, माकडं आणि मुंगसं अजून आहेत. काम थोडं सैल पडलं की संख्या घसरते.

शिवाय एक असा घाव आहे जो भरून येत नाही. संग्रहालयांत जपलेल्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या नमुन्यांशी तुलना केल्यावर शास्त्रज्ञांना आढळलं की या पक्ष्याने आपली निम्म्याहून अधिक जनुकीय विविधता गमावली आहे. आजचे सगळे केस्ट्रेल जवळपास एकाच जोडीचे वंशज. त्यामुळे उद्या एखादा नवा रोग आला तर सगळेच सारखे कमजोर ठरू शकतात. भर म्हणून हवामान बदल आहे. विणीच्या सुरुवातीच्या काळात पाऊस जास्त झाला की अंडी उशिरा घातली जातात आणि पिल्लं ऐन पावसात सापडतात.

तरीही मायर्स यांच्या प्रश्नाचं उत्तर मॉरिशसने दिलं, असं म्हणता येईल. केस्ट्रेलसाठी शिकलेलं तंत्र गुलाबी कबुतराला लागू पडलं. १९९० च्या सुमारास जंगलात जेमतेम १० उरलेली ही कबुतरं आज ५०० च्या आसपास आहेत. एको पोपटही त्याच मार्गाने सावरला. राउंड आयलंडवरच्या शेळ्या आणि ससे हटवले आणि बेट परत हिरवं होऊ लागलं. एका पक्ष्यावर पैसे वाया घालवताय असं जे वाटत होतं, त्यातून कामाची एक आख्खी शाळाच उभी राहिली. कार्ल जोन्स यांना २०१६ मध्ये संवर्धनातला मानाचा इंडियानापोलिस प्राइझ मिळाला तो यासाठीच.

आपला काय संबंध?

एक तर मॉरिशस आपल्याला परकं नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या मराठी माणसांची पुढची पिढी आजही तिथे आहे आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. ज्या उसासाठी जंगल गेलं, त्याच उसासाठी आपली माणसंही नेली गेली.

दुसरं म्हणजे हाच प्रश्न आज आपल्या दारात आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे आपली गिधाडं जवळपास संपली. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात त्यांची वीण केली जाते आणि २०२४ मध्ये तिथली काही गिधाडं महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये माळढोकासाठी अभयारण्य आहे, पण माळढोक दिसणं आता अपवाद झालाय. त्याची वीण राजस्थानात जैसलमेरजवळ सुरू आहे.

गिधाडाच्या एका पिल्लावर किती खर्च झाला, सोडलेली गिधाडं मेली तर मग एवढं करून काय मिळालं, अशा कमेंट्स आपण बातम्यांखाली वाचतो. प्रश्न विचारायलाच हवेत. मॉरिशसमध्येही पहिलं पिल्लू मशीन बंद पडून मेलं होतं. त्यानंतर संख्या २०० च्या पुढे जायला वीस वर्षं लागली, आणि त्या वीस वर्षांत कोणीतरी दरवर्षी पैसे देत राहिलं, कोणीतरी दरवर्षी कडा चढत राहिलं.

आणि तिथे निदान ४ पक्षी हाताशी होते. आपल्याकडे माळढोक किंवा गिधाडं त्या आकड्यावर येईपर्यंत वाट बघायची का, हे आपल्याला आत्ताच ठरवावं लागेल.